घरोघर गेलेली तपासणी : वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवेचा इतिहास आणि आपले कर्तव्य

गेली काही वर्षे आपले मंडळ दिवाळीच्या सुटीत वर्धा जिल्ह्यातील आपल्या मूळ गावी आरोग्य तपासणी शिबिर भरवीत आले आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथे स्थायिक झालेले ज्ञातिबांधव वर्गणी देतात, आपल्यातील डॉक्टर मंडळी विनामूल्य येतात, रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासली जाते आणि त्या प्रसंगाचे छायाचित्र याच स्मरणिकेत छापले जाते. हे कार्य स्तुत्य आहे याविषयी दुमत नाही. परंतु मागील शिबिरात एक वृद्ध बाई आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हाती आदल्या वर्षाचीच चिठ्ठी होती, घडी घालून घालून विरलेली. त्या म्हणाल्या, "मास्तर, मागच्या साली हा आकडा लिहून दिला तुम्ही. गोळ्या पंधरा दिवसांच्या होत्या. मंग मी काय करावं?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. मुंबईस परतताना गाडीत मात्र सारखे मनात येत राहिले की, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने सत्तर वर्षांपूर्वी दिलेले आहे आणि त्या उत्तराशी आमचा स्वतःचा निकटचा संबंध आहे. तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

ज्यास आपले पूर्वज महारोग किंवा रक्तपिती म्हणत, त्या कुष्ठरोगाची ही हकीकत आहे. नॉर्वे देशातील हॅन्सेन या डॉक्टराने १८७३ साली या रोगाचा जंतू शोधून काढला. म्हणजे हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नव्हे, जंतूचा रोग आहे, हे दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. परंतु औषध नव्हते आणि जेथे औषध नसते तेथे भीती राज्य करते. १८९८ साली इंग्रज सरकारने कायदा करून निर्धन महारोग्यास पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार घेतला. हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, ते तर २०१९ साली वगळले गेले.

दयेचे काम करणारे त्याही काळी होते. वेलस्ली बेली यांनी १८७४ साली स्थापन केलेल्या मिशनने आपल्या देशात ठिकठिकाणी रुग्णालये उघडली. मुंबईत म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या प्रयत्नाने १८९० साली माटुंग्याच्या बाजूस निराश्रित महारोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. तेच आजचे वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय होय. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह ज्यांनी १८९१ साली प्रसिद्ध केला, तेच हे ॲकवर्थसाहेब, हे आमच्या शिक्षकबंधूंपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. परंतु या सर्व आश्रमांची एक मर्यादा होती. रोगी आश्रमात यावयाचा तो बहुधा बोटे झडल्यानंतर, घराने बाहेर काढल्यानंतर. ज्याच्या अंगावर नुकता एक चट्टा उठला आहे तो आपल्या घरीच असे आणि कोणी त्याजकडे जात नसे.

वर्ध्यास या कार्यास निराळे वळण लागले. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. त्या काळी हे काम परदेशी मिशनऱ्यांचे, असा आपल्या लोकांचा समज होता. दिवाणांनी तो आपल्या आयुष्याने खोटा ठरविला. पुढे संस्कृत पंडित परचुरे शास्त्री हे रोगाने जर्जर होऊन सेवाग्रामास आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमाच्या आवारात ठेवून घेतले आणि स्वहस्ते त्यांच्या अंगास मालिश केले. कुष्ठरोग्यांच्या सेवेस गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमात स्थान दिले. त्याच विदर्भात पुढे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीस तपोवन उभारले आणि बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून वरोड्याजवळ आनंदवन वसविले. ही नावे आपणा सर्वांस पूज्य आहेत. परंतु आम्ही ज्या कार्याविषयी लिहू इच्छितो त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही.

गांधीजींच्या पश्चात १९५१ साली वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. याच सुमारास एक मोठी गोष्ट घडली होती. पूर्वी कडू कवठाच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शने देत आणि गुण क्वचितच येई. १९४१ साली अमेरिकेत सल्फोन जातीची औषधे या रोगावर लागू पडतात असे आढळले आणि दहा वर्षांच्या आत डॅप्सोन नावाची स्वस्त गोळी उपलब्ध झाली. गोळी होती, परंतु ती ज्यास द्यावयाची तो रोगी लपून बसला होता. तेव्हा प्रतिष्ठानचे संचालक डॉ. वारदेकर आणि त्यांचे सहकारी यांनी ठरविले की, रोग्याची वाट न पाहता आपणच गावोगाव जावयाचे. पद्धतीची अंगे तीन : सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार.

प्रशिक्षित कार्यकर्त्यास काही गावे नेमून दिलेली असत. तो सायकलीवरून येई, घरागणिक माणसांची नोंद करी आणि लहानथोर प्रत्येकाचे अंग उजेडात तपाशी. चट्टा दिसला की कापसाची वात त्यावरून फिरवून, डोळे मिटलेल्या माणसास 'कोठे लागले ते बोटाने दाखव' म्हणे. कोड असेल तर स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. कोपरामागची नस जाड झाली आहे काय, हे तो चाचपून पाही. मग लोकांस चित्रे दाखवून समजावी की, हा रोग पिढीजात नाही, बहुतेक माणसांच्या अंगी त्यास तोंड देण्याची शक्ती उपजतच असते आणि औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस भय राहत नाही. अखेरीस गोळ्या. त्या गावातच, ठरल्या दिवशी, ठरल्या झाडाखाली मिळत आणि जो आला नाही त्याच्या घरी कार्यकर्ता स्वतः जाई. आमच्या मते या पद्धतीचा प्राण या शेवटच्या वाक्यात आहे. १९५५ साली सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला तेव्हा त्याने हीच पद्धत स्वीकारली.

आता जे लिहीत आहोत ते आजवर या ज्ञातीत आम्ही कोणास सांगितलेले नाही.

आमच्या घरी एक चुलत आजोबा होते. ते मागच्या कोठ्यात, गुरांपलीकडे राहत. त्यांचे ताट निराळे, लोटा निराळा. आम्हां मुलांस तिकडे जाण्याची मनाई होती. परंतु गोष्टी ते इतक्या सुरेख सांगत की आम्ही दुपारी गुपचूप जात असू. सर्वेक्षणाचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा आजीने त्यास ओट्यावर बसवून पाणी दिले आणि 'घरात एवढेच लोक' म्हणून बाकीच्यांची नावे सांगितली. कोठ्याचे दार लावलेले होते. घरात लग्नाच्या मुली होत्या. आजीचा दोष आम्ही काढीत नाही. तो माणूस वहीत लिहून निघून गेला.

पुढे आम्ही चौथीत असताना तोच माणूस शाळेत आला. मुलांस सदरे काढावयास लावून त्याने रांगेने पाठी पाहिल्या. आमच्या पाठीवर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. आम्ही डोळे मिटून उभे राहिलो आणि वात केव्हा टेकली ते आम्हांस कळलेच नाही. त्याने सर्वांदेखत एक शब्द काढला नाही. सायंकाळी तो घरी आला, वडिलांस एका बाजूस घेऊन बोलला आणि आमच्यासाठी गोळ्या ठेवल्या. मग त्याने विचारले, "घरात आणखी कोणी आहे काय?" वडील बराच वेळ उभे राहिले. नंतर त्यांनी स्वतः जाऊन कोठ्याचे दार उघडले.

चुलत आजोबांची बोटे तोवर वाकली होती आणि एका तळपायास जखम होती. गोळ्यांनी रोग थांबला, गेलेली बोटे परत आली नाहीत. त्या माणसाने त्यांस पाय रोज पाण्यात भिजवून, तेल लावून, दिव्यापाशी तळवे पाहावयास शिकविले; कारण बधिर पायास काटा मोडलेला कळत नाही. आम्ही मॅट्रिकच्या वर्गात जाईपर्यंत गोळ्या घेतल्या. आम्हांस कसलेही व्यंग राहिले नाही. पुढे मुंबईस आलो, अडतीस वर्षे उपनगरातील शाळेत शिकविले, विवाह झाला, मुले झाली, नातवंडे झाली. चट्टा निघण्याऐवजी लपला असता तर यांतील काय घडले असते, ते सांगवत नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. एकट्या डॅप्सोनवर विसंबल्याने त्यास न जुमानणारे जंतू निर्माण झाले. शिवाय अनेक वर्षे गोळी घेणे कंटाळवाणे. पुष्कळ रोगी मध्येच सोडून देत. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित उपचार सुचविला आणि तो आपल्या देशात ज्या जिल्ह्यांत प्रथम आला त्यांत वर्धा होता. आज हा उपचार सहा महिन्यांत किंवा एका वर्षात पूर्ण होतो आणि विनामूल्य मिळतो. मुंबईतही १९७६ साली बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट आणि १९७८ साली अलर्ट-इंडिया या संस्था निघून झोपडपट्ट्यांतून रोगी शोधण्याचे काम झाले. २००५ च्या अखेरीस देशात दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रोगी उरले. परंतु रोग गेला असे कोणी समजू नये. नवे रोगी आजही सापडतात, त्यांत लहान मुलेही असतात.

आता त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नाकडे वळू. मधुमेह आणि रक्तदाब हे जंतूचे रोग नव्हेत. त्यांची गोळी सहा महिन्यांत संपत नाही, जन्मभर चालते. परंतु आरंभी काही दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते, हे साम्य आहेच. मधुमेहाने पाय बधिर होतो तेव्हा त्याची निगा तंतोतंत तशीच ठेवावी लागते, जशी चुलत आजोबांनी दिव्यापाशी ठेविली. ज्या कामास रोज माणूस लागतो तेथे वर्षातून एक दिवस जाऊन भागत नाही. जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, तेव्हा गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले; कारण डॉक्टर परत जातो, ती गावातच राहते. आज प्रत्येक गावात आशाताई आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या आहेत. आपण त्यांना विचारल्यावाचून शिबिर भरवितो आणि त्यांना सांगितल्यावाचून परत येतो.

म्हणून मंडळापुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली, शिबिरात ज्यांच्यात दोष आढळेल त्यांची नोंदवही ठेवावी, ती आशाताईंच्या व आरोग्य केंद्राच्या साहाय्याने दर महिन्यास तपासावी आणि जो गोळी घेण्यास आला नाही त्याच्या घरी कोणी जावे. वर्गणी कमी पडल्यास मंडप व हारतुरे वगळावेत. गावी राहणाऱ्या तरुणांपैकी कोणी हे काम पत्करील तर त्याचा सायकल-पेट्रोलचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ.

दुसरी विनंती वैयक्तिक आहे. मंडळाने छापलेल्या वंशावळीत आमच्या घराण्याच्या पानावर आमच्या आजोबांस भाऊ नव्हता असे दिसते. ती माहिती आम्हीच दिली होती. पुढील आवृत्तीत तेथे एक नाव वाढवावयाचे आहे. ते आम्ही कार्यालयात लेखी दिले आहे. आणखी कोणाच्या घराण्यात असे नाव गळले असल्यास त्यांनीही द्यावे, म्हणजे आमचे एकटेच राहणार नाही.