पायवाट आणि चाक

सह्याद्रीच्या घाटांचा इतिहास आपण बहुधा लढायांच्या अनुषंगानें ऐकतों. कोणत्या खिंडींत कोण अडला आणि कोणत्या गडावर कोण चढला, एवढें सांगून झालें कीं इतिहास संपला असें आपल्याला वाटतें. परंतु या घाटांना आणखी एक इतिहास आहे, आणि तो चाकाचा आहे. चाक या डोंगरांत केव्हां आलें, कोणत्या वाटेनें आलें व कोठें येऊन थांबलें, याचा विचार आज करावयाचा आहे. त्याला निमित्त एका नव्या वाहनाचें. रविवारीं पहाटे मुंबई-पुण्याहून जी तरुण मंडळी मोटारसायकलींवरून रायगड जिल्ह्याकडे निघते, तिच्यापैकीं कांहींचीं वाहनें नेहमींच्या वाहनांहून निराळीं दिसतात. पुढलें चाक मोठें, एंजिन जमिनीपासून चांगलें उंच, टायरांवर खोल खांचा. डांबरी सडक आणि डोंगरी वाट या दोहोंवर चालावी अशा बेतानें ही गाडी घडविलेली असते, आणि तिला ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणतात.

१९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नांवानें ओळखला जात असे. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सह्याद्रीचा कडा, आणि मध्यें खाड्यांनीं व डोंगराच्या सोंडांनीं तुकडे पाडलेली चिंचोळी पट्टी, असा हा मुलूख. चौल आणि महाड यांसारख्या बंदरांतून देशावर माल जाई तो बैलांच्या पाठीवरून. मीठ, तांदूळ, सुकी मासळी हीं ओझीं घाट चढत, आणि देशावरचें धान्य व तूप खालीं येई. घाटवाट म्हणजे एका बैलामागून दुसरा बैल जाईल एवढीच रुंदी. कोठें कातळांत खोदलेल्या पायऱ्या, तर कोठें वाटसरूंसाठीं पाण्याचें टांकें. बैलगाडीला घाटाच्या पायथ्याशींच थांबावें लागे.

ही अडचण जशी होती तसेंच तें संरक्षणही होतें. १६६१ सालीं शाएस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूनें कोंकणांत उतरूं लागला. खोपोलीजवळच्या उंबरखिंडींत, दाट झाडीच्या अरुंद वाटेवर, शिवाजीमहाराजांनीं त्याला पुढून व मागून कोंडलें. फौजेचें संख्याबळ तेथें निरुपयोगी ठरलें. तोफा, सामान आणि गर्दी यांचाच तिला भार झाला. शेवटीं खंडणी देऊन व सामानसुमान मागें टाकून खानाला परत फिरावें लागलें. या डोंगरांत बळापेक्षां हलकेपणा आणि वाटेची माहिती यांना अधिक मोल आहे, हा त्या दिवसाचा धडा. तो पुढें वाहनांनाही लागू पडला.

चाकाला खरी वाट मिळाली ती इंग्रजी अमलांत. १८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटाची सडक गाड्यांसाठीं खुली केली, आणि १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी धावूं लागली. महाडहून भोरकडे जाणारा वरंधा घाट आणि पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळी घाट यांतूनही सडका झाल्या. येथून घाटवाटांच्या दोन जाती पडल्या. ज्यांना सडक मिळाली त्या मोठ्या झाल्या. बाकीच्या जुन्या वाटा गुराखी, वाडीवस्तीचे लोक आणि पुढें गिर्यारोहक यांच्यापुरत्या उरल्या. चाक सडकेवर राहिलें व पाऊल पायवाटेवर. ही वांटणी शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली.

ती मोडणारें वाहन दूरदेशीं तयार होत होतें. १८८५ सालीं जर्मनींत डाइम्लर व मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें एंजिन बसविलें, तेव्हांपासून मोटारसायकलीचा इतिहास सुरू होतो. ती खडकाळ वाटेवर टिकते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं १९१३ सालीं इंग्लंडांत सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी सुरू झाली. १९४८ सालीं हीच कसोटी इटलींत झाली, तेव्हां मागल्या चाकाला झुलती धांव दिलेली बुलेट तींत उतरली होती. याच बुलेटची बांधणी १९५५ सालानंतर मद्रासेस होऊं लागली. १९६८ सालीं जपानच्या यामाहा कंपनीनें २५० सी.सी.ची हलकी ‘डीटी-१’ काढली, आणि सामान्य माणसाला परवडेल अशी डोंगरी मोटारसायकल जगास प्रथमच मोठ्या प्रमाणावर मिळाली. आपल्याकडे ती लाट फार उशिरां पोहोंचली. हिरोची ‘इम्पल्स’ २०११ सालीं आली. पण गिऱ्हाइकाची तयारी नव्हती आणि ती मागें पडली. नंतर २०१६ सालीं रॉयल एन्फील्डची ‘हिमालयन’ व २०१९ सालीं हिरोची ‘एक्सपल्स’ आली, आणि मग मात्र वाट पडली.

या गाडीची किमया काय, तें थोडक्यांत सांगतों. पुढलें चाक २१ इंचांचें असल्यानें तें दगडाला अडत नाहीं, त्यावर चढतें. पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, म्हणून एंजिन खडकावर आपटण्याचें भय कमी. परंतु कारखान्यांतून आलेली गाडी पुरत नाहीं. स्वार तिला आपल्या हातानें घडवितो. मागलें स्प्रॉकेट थोडें मोठें बसविलें कीं वेग घटतो, पण चढणीवर ओढ वाढते. टायरमधील हवा जरा कमी केली कीं त्याचा अधिक भाग जमिनीला टेकतो व पकड येते. एंजिनाखालीं जाड पत्रा बसवावा. क्लचची एक जादा वायर जुन्या वायरीलगतच बांधून ठेवावी, म्हणजे रानांत ती तुटली तर पांच मिनिटांत काम होतें. ओढा ओलांडतांना एंजिनांत पाणी गेलेंच, तर तें सुरू करण्याचा हट्ट न धरतां आधीं प्लग काढून पाणी बाहेर फेंकावें लागतें. किनाऱ्यावर खारी हवा चेनीला गंज चढविते, म्हणून घरीं पोहोंचतांच ती धुऊन तेल द्यावें लागतें. दीडशे किलोंच्या थोडी वर असलेली गाडी चिखलांत पडली तर एकटा माणूस उचलूं शकतो. वजन वाढेल तसें तें काम अवघड होतें. उंबरखिंडीचा हलकेपणाचा धडा तो हाच.

येथवर सारें कौतुकाचें. आतां दुसरी बाजू. खोल खांचांचा टायर चढणीवर घसरला कीं गवताची मुळें उपटून माती मोकळी करतो. सह्याद्रीच्या पायथ्याशीं वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळ्यांत पडलेली चाकोरी पावसाळ्यांत पाण्याची पन्हळ होते, आणि चारदोन वर्षांत पायवाटेची घळ बनते. ती वाट कोणाची? स्वार रविवारीं येतो व संध्याकाळीं परततो. पण ठाकर, कातकरी, धनगर यांच्या वाड्यांवरील बायामाणसें त्याच वाटेनें रोज पाण्याला, बाजाराला आणि मुलें शाळेला जातात.

म्हणून चाकाला डोंगर सर्वस्वीं बंद करावा काय? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना याच जिल्ह्यांतील माथेरानकडे पाहावें. १८५० सालीं मॅलेटसाहेबानें या डोंगराची माहिती मुंबईकरांपुढें आणली, आणि १९०७ सालीं तेथें छोटी आगगाडी पोहोंचली. पण मोटारीला दस्तुरी नाक्यावरच थांबावें लागतें. २००३ सालीं तो प्रदेश संवेदनशील म्हणून घोषित झाला. तेथील झाडी व शांतता या नियमामुळेंच टिकली. परंतु त्याच नियमापायीं माणसानें माणसाला ओढण्याची रिक्षाही तेथें दीर्घकाळ टिकली, आणि २०२२ च्या अखेरीस विजेच्या रिक्षा चालवून पाहण्याची वेळ आली. चाक नाकारलें म्हणून ओझें नाहींसें होत नाहीं. तें कोणाच्या तरी खांद्यावर जातें. ज्या वाडीला सडक नाहीं, तेथील आजाऱ्याला आजही झोळींतून खालीं आणावें लागतें. त्याच्या दृष्टीनें चाक हें वरदान आहे.

तेव्हां विवेक तो एवढाच. जेथें गाडीवाट पूर्वींच पडलेली आहे, तेथें या नव्या स्वारानें खुशाल जावें, हात काळे करावेत आणि यंत्राची विद्या शिकावी. जेथें कातळांतल्या पायऱ्या सुरू होतात, तेथें एंजिन बंद करून खालीं उतरावें. शेंकडों वर्षें बैलगाडी त्याच ठिकाणीं थांबत होती. तिला थांबणें भाग होतें. आपल्या वाहनाला तें भाग नाहीं, म्हणूनच आपण आपण होऊन थांबलें पाहिजे.