आमची फियाट

यवतमाळात तिला पद्मिनी कुणी म्हटलंच नाही. आमच्यासाठी ती फियाटच! सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. पुढे इटलीच्या फियाटशी करार करून कुर्ल्यात ही गाडी बनू लागली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअर... आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट. गिऱ्हाईक जाणार कुठे? (माझ्या मते रोग तिथेच जडला.)

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. कामगारांच्या पगाराला बोल लावणारे बरेच भेटतात. पण साठच्या दशकातलाच साचा चालू ठेवायचा निर्णय त्यांचा थोडाच होता? नव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.