पुंटोच्या बोनेटखालचा विंचू

एका श्रोत्याचा मेसेज आलाय: "दादा, माझी पुंटो १.४ पेट्रोल आहे. पुण्यातला एक गॅरेजवाला टर्बो बसवून देतो म्हणतोय. बसवू का?" उत्तर देतो, पण आधी थोडा इतिहास.

टर्बो म्हणजे काय? सायलेन्सरमधून जो गरम धूर वाया जातो, त्यावर एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, जो इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस नावाच्या माणसाने विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या १४,००० फुटी डोंगरावर नेलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो लावला आणि ३५६! म्हणजे टर्बोची पहिली मोठी परीक्षाच टर्बोसाठी न बनलेल्या इंजिनावर झाली.

मग १९६२ ची ओल्ड्समोबाईल जेटफायर. साध्या गाडीच्या ३.५ लिटर व्ही-८ इंजिनाला कंपनीनेच टर्बो लावला. पण कॉम्प्रेशन ठेवलं १०.२५. दाबलेली हवा आणखी दाबली की ती तापते आणि पेट्रोल वेळेआधीच पेटतं. यालाच आपले मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. हातोडा पडावा तसे पिस्टनवर ठोके बसतात. उपाय काय, तर पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारायचं. त्याची वेगळी टाकी होती, आणि ती भरायला लोक विसरायचे. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब बंद. गाडी दोन वर्षांत संपली, आणि पुढे कंपनीने गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. मला यातली माणसाची सवय जास्त इंटरेस्टिंग वाटते. इंजिनिअर गणित करतो, टाकी मात्र गिऱ्हाईकाने भरायची असते.

आता आपल्या रस्त्यावर या. शिंगणापूरहून घोडेगाव, नगर, सुपा, शिरूर करत पुण्याला निघालं की रांजणगाव लागतं. महागणपतीचं दर्शन घेऊन सगळे पुढे जातात, पण तिथल्याच एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे. २००९ मध्ये लिनिया आणि पुंटो आल्या. १३६८ सीसीचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, ९० पीएस. चढावर एसी बंद करावा लागायचा, असं पुंटोवाले स्वतःच सांगतात. २०१० मध्ये लिनिया टी-जेट आली. तेच १३६८ सीसी, पण टर्बोसकट. ११४ पीएस, आणि टॉर्क ११५ वरून थेट २०७! ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच घराण्याचं इंजिन पुंटोत घालून अबार्थ पुंटो आली. १४५ हॉर्सपॉवर, चाकांवर विंचवाची डिझाईन.

सीसी तेवढेच, मग गॅरेजवाला हेच का करू शकत नाही? कारण कंपनीने नुसता पंखा लावला नव्हता. कॉम्प्रेशन ९.८ वर ठेवलं, इंटरकूलर दिला, ईसीयूचं सगळं मॅपिंग नव्याने केलं. अबार्थला चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि खाली बसवलेलं सस्पेन्शन. शिवाय टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि तो तरंगतो इंजिन ऑईलच्या पातळ थरावर. तेलाचं महत्त्व आम्हा शिंगणापूरकरांना वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा बोनेट उघडेल.

म्हणून मित्रा, माझं मत: तुझ्या पुंटोला हात लावू नकोस. पिस्टन, मॅपिंग, ब्रेक, क्लच एवढं सगळं धरलं तर त्या पैशात थोडी भर घालून सेकंडहँड टी-जेट बघ. घेताना थंड इंजिन चालू करायला लाव, निळा धूर आला तर परत फिर. आणि लांबून आल्यावर लगेच चावी फिरवू नकोस, मिनिटभर इंजिन चालू राहू दे.

पुढच्या एपिसोडमध्ये नगरच्या व्हीआरडीईबद्दल बोलू. प्रश्न असतील तर पाठवा.