चंद्रावर ससा की हरीण?

आपल्या ओळखीत एखादा शशांक असतो, एखादा मृगांक. दोन्ही नावे चंद्राचीच. पहिल्यात चंद्रावरचा डाग म्हणजे ससा, दुसऱ्यात हरीण. मग खरे कोणते? हा प्रश्न सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाच्या पंडिताने हाताळला होता, आणि त्याचा ग्रंथ छापून जगापुढे आला तो आपल्या बडोद्यातून.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने चिमणलाल डाह्याभाई दलाल यांनी पाटणच्या जैन ग्रंथभांडारांची पाहणी केली. पाटण तेव्हा बडोदे संस्थानातच होते. त्यानंतर गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. १९१६ मध्ये तिचे पहिले पुष्प म्हणून राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ प्रसिद्ध झाली. राजशेखर कनोजच्या प्रतीहारांच्या दरबारी होता, पण आपला पूर्वज अकालजलद याला तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो. म्हणजे तसा तो आपलाच!

या ग्रंथात ‘कविसमय’ असा विषय आहे. आज आपण त्याला कविसंकेत म्हणतो. प्रत्यक्षात तसे नसले तरी कवी परंपरेने जे तसेच वर्णितात, तो कविसमय. कीर्ती आणि हास्य पांढरे, क्रोध तांबडा. कमळे खरी तळ्यातली, पण कवी ती नदीतही फुलवतो. चकोर चांदणे पितो. चांदणे वर्णावे ते शुक्लपक्षात, अंधार कृष्णपक्षात. खरे तर वद्य प्रतिपदेला जवळजवळ रात्रभर चांदणे असते. पण कवी तिकडे काणाडोळा करतो. ससा की हरीण, यावर राजशेखर सांगतो की काव्यात दोन्ही एकच मानावेत. शंकराच्या माथ्यावरचा चंद्र युगानुयुगे तिथे असूनही कोवळी कोरच राहतो, हाही संकेतच. आपल्या भालचंद्राच्या कपाळीही आपण कोरच रेखतो, पूर्णबिंब नाही.

पण राजशेखर एवढ्यावर थांबत नाही. पुढच्याच अध्यायांत तो देश आणि काळ यांची माहिती देतो. दक्षिणापथात महाराष्ट्र, विदर्भ, कुंतल. नद्यांत नर्मदा, तापी, गोदावरी. कोणत्या ऋतूत कोणता वारा, कोणते फूल. म्हणजे कवीला संकेतही ठाऊक हवा आणि वस्तुस्थितीही. या संकेतांचा उगम सांगताना तो म्हणतो, पूर्वीच्या विद्वानांनी शास्त्रे अभ्यासून, देशोदेशी फिरून जे पाहिले ते लिहिले. देशकाल बदलला तरी वर्णन तसेच चालत राहिले. काही संकेत मात्र धूर्तांनी स्वार्थासाठी रूढ केले, हेही तो स्पष्ट सांगतो.

आज हा विवेक फार उपयोगाचा आहे. जुन्या श्लोकात आकाशाचे वर्णन दिसले की कोणी म्हणतो, ‘पाहा, पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊक होते.’ दुसरा म्हणतो, ‘सगळ्या थापा!’ दोघेही एकच चूक करतात: काव्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात. आधी विचारावे, हे निरीक्षण आहे, उपमा आहे, की चालत आलेला संकेत? आपली मुले शाळेत मराठीत ‘चेतनगुणोक्ती’ शिकोत वा गुजरातीत ‘सजीवारोपण’, हा प्रश्न विचारायला भाषा आड येत नाही.

यंदा आरतीनंतर मुलांना गच्चीवर न्या. चतुर्थीचा चंद्र टाळायचा असेल तर टाळा. पण पौर्णिमेला तो डाग जरूर दाखवा आणि विचारा, ससा दिसतो की हरीण? मग सांगा, तिथे दोन्ही नाहीत, काळ्या खडकाची मैदाने आहेत. आणि तरीही शशांक हे नाव खोटे नाही.