शेअरबाजाराचा पहारेकरी

घरची चार पैशांची शिल्लक तुम्ही एखाद्या कंपनीच्या शेअरमध्ये घालता, तेव्हा तिचा कारखानाही बहुधा पाहिलेला नसतो. छापील पत्रकावर भरवसा ठेवायचा, एवढेच आपल्या हाती. ते पत्रक खरे की खोटे, हे पाहणार कोण?

हा प्रश्न मुंबईला फार महागात पडला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा शेअरांत ओतला गेला. समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला; जमीन मात्र अजून पाण्याखालीच! १८६५ साली यादवी संपली आणि डोलारा कोसळला. जुनी बँक ऑफ बॉम्बेसुद्धा १८६८ साली गुंडाळावी लागली.

पुढे १८७५ साली दलालांनी आपली संघटना बांधली. नियम त्यांचे, पंचही तेच. १९४७ च्या कायद्याने नव्या शेअरांना आणि त्यांच्या किमतीला सरकारी परवानगी लागू लागली, १९५६ च्या कायद्याने बाजारांना मान्यता. पण रोजच्या व्यवहारावरची नजर मुख्यतः बाजाराचीच राहिली.

१२ एप्रिल १९८८ रोजी 'सेबी' हे मंडळ स्थापन झाले, तेही नुसत्या सरकारी ठरावाने. पहारेकरी नेमला, शिट्टी दिली, काठी मात्र दिली नाही. ती मिळाली ३० जानेवारी १९९२ च्या वटहुकमाने. तीन महिने होतात न होतात तोच हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले. बँकांच्या आपसातल्या रोख्यांच्या व्यवहारांतून निघालेला पैसा शेअरांचे भाव फुगवायला लागला होता. सेबीच्या नावाने बोटे मोडणारे पुष्कळ निघाले. पण बँका तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली! चोर दोन चौक्यांच्या मधल्या वाटेने गेला, म्हणा ना.

त्याच वर्षी १९४७ चा कायदा रद्द झाला. शेअरची किंमत कंपनीने ठरवावी, पण आपली खरी स्थिती लोकांपुढे मांडावी, आणि लपवाछपवी केली तर सेबीने जाब विचारावा, अशी नवी रीत पडली. मग आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले का? अर्धेच. नव्या शेअरांचे पत्रक उघडून पाहा. त्यातला मजकूर अचूक किंवा पुरेसा असल्याची हमी सेबी देत नाही, असे त्यातच स्पष्ट छापलेले असते.