जुन्या पिकअपच्या दरवाजातून पाणी येतंय? रबर बदलण्याआधी हे वाचा

टेल्कोनं १९८८ साली टाटामोबाइल २०६ बाजारात आणली. तिच्या आणि तिच्यानंतरच्या २०७च्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: इंजिन ठणठणीत, पण पाऊस लागला की पाय ओले. संशय आधी जातो दरवाजाभोवतीच्या रबरावर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बीडिंगवर.

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून जास्त तापतो. रबराची पोकळ नळी कडक होते, दबते आणि परत फुगत नाही. त्यात काळ्या मातीची धूळ. पाणी मॅटखाली मुरतं आणि फ्लोअरचा पत्रा सडतो. बीडिंग स्वस्त आहे, पत्र्याचं वेल्डिंग नाही.

आधी तपासणी. दरवाजात दहाची नोट धरून तो बंद करा आणि नोट ओढा. अडकत आली तर ठीक, अलगद निघाली तर तिथे फट आहे. मग दरवाजा अर्धा उघडून टोकाला धरून वर उचला. खडखडला तर बिजागरीची पिन झिजलीय. अशा लटकलेल्या दरवाजाला नवं रबर लावून उपयोग नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. खिडकीच्या काचेवरून थोडं पाणी दरवाजाच्या आत उतरणारच. ते बाहेर पडावं म्हणून दरवाजाच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात. चिखलानं ती बुजली की पाणी आत साठतं, दरवाजा खालून गंजतो आणि दोष रबराला मिळतो. बारीक तारेनं ती मोकळी करा. गळती थांबवायला तिथे सिलिकॉन भरणारेही भेटतात. तसं अजिबात करू नका.

बीडिंग दोन प्रकारचं असतं: पत्र्याच्या कडेवर दाबून बसणारं आणि सोल्युशननं चिकटवायचं. नवं घेताना जुन्याचा वीतभर तुकडा दुकानात न्या. जाडी जास्त झाली तर दरवाजा लागणार नाही. साहित्य ईपीडीएम असेल तर उत्तम, ते ऊन सोसतं.

जुनं काढल्यावर कड घासा, गंज असेल तर रेड ऑक्साइड मारून पूर्ण वाळू द्या. नवं रबर दरवाजाच्या चौकटीवर खालच्या बाजूला मध्यावरून सुरू करा, म्हणजे सांधा खाली येतो. बसवताना ताणू नका. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि सांध्याला फट पडते. उलट दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवा, शेवटी बेतानं कापा. कोपऱ्यात थोडं सैल सोडा, नाहीतर नळी चपटी होते. चिकटवायचं असेल तर सकाळी सावलीत करा. दुपारच्या तापल्या पत्र्यावर सोल्युशन हात फिरण्याआधीच सुकतं.

पहिले काही दिवस दरवाजा जड लागेल. आपटू नका, रात्रभर बंद ठेवा. तरीही नाही बसला तर खांबावरचं लॉक किंचित बाहेर सरकवून घ्या.

रबर चमकवायला डिझेलचा बोळा फिरवायची सवय अनेकांना असते. ईपीडीएम डिझेलनं फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरे, आणि पावसाळ्याआधी सिलिकॉन ग्रीसचा हलका हात.