नेमोची सोळा वर्षे

मोकळा तास मिळाला की वर्गात जाऊन मुलांना गोष्ट सांगावी, हा माझा जुना छंद. गेल्या पावसाळ्यात अशाच एका तासाला मी ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो काढून बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत नेमोची 'नॉटिलस' पाणबुडी एका ओसाड बेटाच्या पोटातील गुहेत अडकून पडली होती. पिकल्या केसांचा, मरणाला टेकलेला नेमो आपली कहाणी सांगत होता. वर्ग अगदी चिडीचूप. एवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, तो फ्रेंच प्रोफेसर नेमोला १८६७ साली भेटला असं तुम्ही मागच्या गोष्टीत सांगितलं होतं. आता नेमो म्हणतो, त्याला सोळा वर्षं झाली. पण बेटावर तर १८६८ सालच चाललंय ना?"

"ए, गप रे! सर, तुम्ही पुढं सांगा!" बाकीचा वर्ग त्याच्यावर तुटून पडला. मलाही गोष्टीचा रंग जाऊ द्यायचा नव्हता. मी म्हणालो, "गोष्टीत असले हिशेब करायचे नसतात. बस खाली." तो बसला. गोष्ट पुरी झाली, नॉटिलस आपल्या धन्याला पोटात घेऊन तळाला गेली, दोघीतिघींनी डोळे पुसले. तो मुलगा मात्र खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत होता. त्या दिवसापासून मनाला एक रुखरुख लागून राहिली. त्या वर्गात माझी गोष्ट अधिक जिवाभावाने कोणी ऐकली? डोळे पुसणाऱ्यांनी, की साल लक्षात ठेवणाऱ्याने?

मुलगा चुकला नव्हता. व्हर्नची 'समुद्राखालील वीस हजार लीग' ही कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत प्रोफेसर आरोनाक्स नोव्हेंबर १८६७ मध्ये नॉटिलसवर येऊन पडतो आणि जून १८६८ मध्ये निसटतो. पुढे १८७४-७५ मध्ये आली 'गूढ बेट'. तीत अमेरिकेतील यादवी युद्धातून बलूनमध्ये बसून पळालेले पाचजण मार्च १८६५ मध्ये बेटावर आदळतात आणि ऑक्टोबर १८६८ मध्ये नेमोला भेटतात. म्हणजे आरोनाक्स निसटून उणेपुरे चार महिने झालेले. आणि नेमो म्हणतो, सोळा वर्षे! बरे, सोळा वर्षे मागे जावे तर साल येते १८५२, आणि त्या वेळी नॉटिलसचा पत्ताच नव्हता. त्याहून मौज अशी की, बेटावरच्या इंजिनियरला नेमोची माहिती आरोनाक्सच्या पुस्तकातून मिळालेली आहे. जो मनुष्य १८६५ पासून निर्जन बेटावर अडकला आहे, त्याने १८६८ साली संपलेल्या प्रवासाचे पुस्तक वाचले तरी कोठे?

आपल्याकडील वाचकाला आणखी एक खडा लागतो. भा. रा. भागवतांसारख्यांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, तेव्हापासून नेमो आपल्याला परका राहिलेला नाही. तो मुळात आपलाच. 'गूढ बेटा'त तो उघड करतो की, आपण बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डाक्कार. १८५७ च्या उठावात तो लढला, बायकामुले गमावून बसला आणि मग समुद्राखाली गेला. पण व्हर्न त्याला टिपू सुलतानाचा भाचा म्हणतो! कोठे श्रीरंगपट्टण, कोठे बुंदेलखंड! टिपू पडला १७९९ साली. आणि गोष्टीतल्या वयाच्या हिशेबाने डाक्कार जन्मला १८१९ च्या सुमारास.

व्हर्न काही अडाणी नव्हता. नकाशे आणि आकडे हा त्याचा प्राण. मग असे का झाले? प्रथम त्याच्या मनातला नेमो पोलंडचा होता, रशियन सत्तेने घरदार उद्ध्वस्त केलेला. परंतु व्हर्नची पुस्तके रशियातही खपत, आणि प्रकाशक एत्झेल याला ते रुचेना. म्हणून पहिल्या पुस्तकात नेमोचा देश गुलदस्तात राहिला. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी व्हर्नला नेमो हवा होता तो थकलेला, सोबती एकेक करून गमावलेला. चार महिन्यांत मनुष्य असा म्हातारा होत नाही. एका पारड्यात तारखा आणि दुसऱ्यात म्हाताऱ्या नेमोचे मरण. व्हर्नने तारखांवर पाणी सोडले. तारखांचा मेळ बसत नाही, अशी कबुली पुस्तकातच तळटीप घालून द्यावी लागली. माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा त्या काळीही फ्रान्समध्ये कोठेतरी बसलेला असणार!

मागचापुढचा मेळ मोठा की गोष्टीची रंगत मोठी, हा वाद विज्ञानकथेच्या रसिकांत तेव्हापासून चालू आहे. आपल्याला तो नवा वाटू नये. दोन पुराणांत एकच कथा दोन तऱ्हांनी आली आणि श्रोत्याने शंका काढली, तर पुराणिकबुवा पोथीवरची नजर न काढता म्हणत, "कल्पभेद!" एका कल्पात असे घडले, दुसऱ्यात तसे, दोन्ही खरी. श्रोत्याचे समाधान होई आणि कथाही अडत नसे. अर्थात ऐकलेली कथा हवेत विरून जाते. दोन पाठ शेजारी ठेवून तपासणारा श्रोता विरळा. छापील पुस्तक हाती आले, पान उलटून मागे जाता येऊ लागले, तेव्हा तळटीप आली. आणि चालते-बोलते चित्र घरात साठवता येऊ लागले, तेव्हा काय झाले, ते 'डॉक्टर हू'च्या इतिहासात पाहावे.

ही मालिका बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. 'डॉक्टर' हा परग्रहावरचा एक अवलिया. निळ्या पोलीस-पेटीत बसून तो काळातून हिंडतो. शनिवारी संध्याकाळी सगळ्या घराने एकत्र बसून पाहावे, अशी ती करमणूक होती. १९६६ मध्ये नायकाचे काम करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली. लेखकमंडळींनी युक्ती काढली: डॉक्टर कोसळतो आणि उठतो तो निराळा चेहरा घेऊन. आधीच्या तीन वर्षांत असा काही नियम कोणी सांगितला नव्हता. अडचणीतून निघालेली ही पळवाटच पुढे मालिकेचा कणा ठरली. ॲटलांटिस नगरीच्या नाशाची तर या मालिकेने १९६७, १९७१ आणि १९७२ अशी तीनदा तीन निरनिराळी कारणे दिली. त्या काळी त्याचे फारसे कोणाला वाटले नसावे. कार्यक्रम एकदा दिसे आणि जाई. बीबीसीदेखील जुन्या फिती पुसून टाकीत असे.

परंतु काही घरांत मुले ध्वनिमुद्रणाचे यंत्र दूरचित्रवाणीसमोर ठेवून बसत. ही हिशेबी मुले मोठी झाली, त्यांनी मंडळे काढली, पत्रिका छापल्या. १९७६ मध्ये रॉबर्ट होम्स या लेखकाने एका कथेत डॉक्टरच्या ग्रहाचे लोक दाखवले. तोवर देवासारखे वाटणारे हे लोक त्याने खुर्चीसाठी भांडणारे, कारस्थानी म्हातारे करून टाकले. रसिकमंडळींना हा घोर अपराध वाटला. त्यांच्या पत्रिकेत कडक टीका झाली. आज तीच कथा मालिकेतील उत्तम कथांत गणली जाते. त्याच कथेत, खलनायकाची निकड दाखवण्यासाठी, एक वाक्य पडले: या लोकांना बाराच वेळा शरीर पालटता येते. ते वाक्य प्रेक्षकांनी गाठीला बांधून ठेवले. सदतीस वर्षांनी, २०१३ च्या नाताळात, डॉक्टरचा हिशेब खरोखरच संपला, तेव्हा त्याला आयुष्याचे नवे दान मिळते असा प्रसंग लिहूनच पुढे जावे लागले. बोललेल्या शब्दाचे कर्ज असे फिटेपर्यंत पाठ सोडत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट घराघरांत आली आणि जुन्या रसिकांचा शब्द मालिकेत वजनदार झाला. १९८५ मध्ये एक कथा अशी आली की, ती नीट कळायला १९६६ आणि १९६७ सालच्या दोन कथा ठाऊक हव्यात. गंमत पाहा, त्यांतली १९६७ ची कथा तेव्हा खुद्द बीबीसीजवळ उरली नव्हती. ती पुढे १९९१-९२ च्या सुमारास हाँगकाँगहून परत मिळाली. मग घरातल्या लहानग्याने समजून काय घ्यायचे? त्याच साली मालिकेला दीर्घ विश्रांती देण्यात आली आणि १९८९ मध्ये ती थांबली. हे केवळ मेळाच्या हव्यासाने झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारणे अनेक होती. पण २००५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी पहिल्या भागात मागचे पुराण लावले नाही. दुकानात काम करणारी एक साधी मुलगी, तिला काहीच ठाऊक नाही. तिच्याबरोबर आपणही नव्याने ओळख करून घ्यायची. ब्रिटनमध्ये एक कोटीहून अधिक लोकांनी तो भाग पाहिला. जुने धागे पुढे हळूहळू आले.

अमेरिकेतील 'स्टार ट्रेक'ची कथाही ऐकण्याजोगी आहे. तिच्यात क्लिंगन नावाचे लढवय्ये परग्रहवासी आहेत. १९६७ मध्ये त्यांची कपाळे आपल्यासारखीच सपाट होती. पैसा बेताचा, रंगभूषा बेताची. १९७९ च्या चित्रपटात पैसा आला आणि त्यांच्या कपाळांवर हाडांचे उंचवटे उगवले. हे कसे? १९९६ च्या एका भागात एक क्लिंगन जुन्या काळात जातो, सोबती सपाट कपाळांकडे बोट दाखवतात आणि तो गंभीरपणे सांगतो की, ही गोष्ट आम्ही परक्यांशी बोलत नाही. प्रश्न तसाच राहिला आणि सगळे हसले. २००५ मध्ये मात्र दोन भाग खर्ची घालून, रोग आणि प्रयोग यांची रीतसर कारणे देऊन कपाळांचा उलगडा करण्यात आला. माझे मत विचाराल तर पहिले उत्तर सरस. पण दुसऱ्याची वाट पाहणारेही होतेच. आणि २००९ च्या चित्रपटात काळाचा निराळा फाटाच काढून जुन्या कथा तिकडे सुखरूप ठेवल्या, तेव्हा मला आमचे पुराणिकबुवा आठवले. कल्पभेदच तो!

या सगळ्या इतिहासातून मला एवढेच कळले की, हिशेब विचारणारा श्रोता गोष्टीचा शत्रू नसतो. त्याने त्या जगावर विश्वास टाकलेला असतो, म्हणूनच तिथला साल त्याला खऱ्या सालाइतका बोचतो. ज्या 'डॉक्टर हू'च्या फिती पुसल्या गेल्या, त्यांतल्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज आज ऐकायला मिळतो तो अशाच हिशेबी मुलांनी घरी करून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे. मात्र केवळ त्यांच्याचसाठी गोष्ट रचली, तर उरलेले घर उठून जाते. सांगणाऱ्याने रंगत आधी राखावी, तारीख मागाहून. पण तारीख विचारणाऱ्याला "बस खाली" म्हणू नये. ते मी म्हणालो होतो.

पुढच्या मोकळ्या तासाला मी फळ्यावर चार साले लिहिली: १८५७, १८६५, १८६७, १८६८. वर्गासमक्ष त्या मुलाला म्हणालो, "तुझा हिशेब बरोबर होता. चूक गोष्टीची, आणि तुला गप्प बसवलं ही चूक माझी. आता सगळे मिळून नेमोला यातून सोडवा बघू."

हात भराभर वर आले. एकाने सांगितले, नेमोला ताप चढला होता, तो भ्रमात बोलला. दुसऱ्याने सांगितले, प्रोफेसरानेच साल चुकीचे लिहिले. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, समुद्राखाली ऊन नाही, चांदणं नाही. त्याला दिवस मोजताच आले नसतील."

वर्गाला ते पटले. मलाही पटले. तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आलाच.

"पण सर, नॉटिलसमध्ये घड्याळ होतं की!"

वर्ग खो खो हसला, आणि या वेळी तोही हसला. आणि खरेच, व्हर्नने त्या पाणबुडीत विजेवर चालणारे घड्याळ ठेवलेले आहे. मी काही उत्तर शोधणार, तोच तास संपल्याची घंटा झाली.